ते दूध नासलं नव्हतं

पातेलंभर मसाला दूध माझ्यासमोर सिंकमध्ये ओतलं गेलं. केशर, वेलची, पिस्ते, सगळं. ओतणारी हेल्पर बाई गोंधळून वहिनींकडे बघत होती. वहिनी म्हणजे माझ्या मुलाच्या साहेबांच्या पत्नी. त्या पाहुण्यांना सांगत होत्या, दूध नासलं.

सिंगापुरातल्या बुकित तिमाहच्या कॉन्डोमधली कोजागिरी. मी निवृत्त विज्ञानशिक्षक, बेडोकला मुलाकडे राहायला आलेलो. पोरांना चंद्र दाखवायला मला दुर्बीण घेऊन बोलावलं होतं. चंद्र इमारतींच्या वर यायला अवकाश होता, म्हणून मी ओट्यापाशी जाऊन दूध ढवळायला घेतलं. वहिनी शेजारी पिस्ते कापत होत्या. गोड आवाजात म्हणाल्या, "काका, हे आडनाव गावावरून लावलेलं दिसतंय. मूळचं कुठलं?" मी हसून टाळलं. मग गाव विचारलं. मग, "गावात कुठल्या आळीत घर?"

हे प्रश्न कुठे निघालेत ते आमच्या माणसांना पहिल्याच प्रश्नाला कळतं. आयुष्यभर मी ते टोलवले. त्या दिवशी कंटाळा आला. वाटलं, सिंगापुरात काय होणार आहे.

"आळीत नाही. महारवाड्यात."

"अच्छा, अच्छा." त्यांनी माझ्या हातातला डाव अलगद काढून घेतला. बसा म्हणाल्या. आणि थोड्याच वेळात दूध नासलं. खालच्या दुकानातून नवं दूध आलं. पातेलंही दुसरं चढलं.

माझी नात सगळं बघत होती. सात वर्षांची. म्हणाली, "आजोबा, व्हाय थ्रो? स्टिल कॅन ड्रिंक, लाह." तिच्या सिंगापुरी इंग्रजीला सगळे हसले. मुलगा हसला नाही. त्याचा इथे राहून नोकरी करायचा पास साहेबांच्या कंपनीचा, नूतनीकरण तोंडावर आलेलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

मी नातीला म्हणालो, "नासलं होतं गं, बाळा."

मग गच्चीवर चंद्र दाखवला. शाळेत वर्षानुवर्षं सांगितलेली गोष्ट तिथेही सांगितली. पावणेचारशे वर्षांपूर्वी इटलीत एक पाद्री होता. त्याने चंद्राचा नकाशा केला, विवरांना नावं दिली. पृथ्वी फिरते की स्थिर आहे, यावर भलामोठा ग्रंथ लिहिला. दोन्ही बाजू मांडल्या आणि निकाल दिला, स्थिर. चर्चचा तसा हुकूमच होता. पण पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या माणसाचं नाव त्याने एका झळझळीत विवराला दिलं, चंद्रावरच्या ज्या मैदानाला वादळांचा महासागर म्हणतात तिथल्या. एका मुलीने विचारलं, तिथे मासे आहेत का? मी म्हणालो, पाणीच नाही तर मासे पोहणार कशात? पोरं खिदळली. शेवटी मी नेहमीचं वाक्य टाकलं. तोंडाने एक बोलला, पण खरं काय ते चंद्रावर लिहून ठेवलं. केवढा हुशार.

टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "काका, पुढच्या वर्षीही तुम्हीच." सगळ्यांना काचेच्या ग्लासात दूध आलं. मला कागदी कपात. मी ते प्यालो. लिहायला लाज वाटते. प्यालो.

काही दिवसांनी घरी शेवयांची खीर होती. मी डाव उचलला. नातीने माझा हात धरला.

"आजोबा, तुम्ही नका ढवळू. तुम्ही ढवळलं की नासतं."

कुणी शिकवलं तिला? मी. मी ढवळलं, त्यांनी ओतलं, आणि नासलं असं मीच सांगितलं. तिने हिशेब सरळ लावला. माझ्या आईला हेच विहिरीवर शिव्या घालून सांगितलं होतं. नातीला मी बाळा म्हणून सांगितलं.

तेव्हा तो पाद्री मला वेगळा दिसला. मनातून तो काय मानत होता, कुणालाही ठाऊक नाही. कदाचित त्याला पृथ्वी खरंच स्थिर वाटत असेल. नाव देऊन ठेवलं, बोलला नाही. बाकीच्यांनी अंदाज करावेत. त्याला हुशार मी ठरवलं होतं. कारण मला स्वतःला हुशार ठरवायचं होतं.

मुलगा दारात उभा राहून मानेनेच नको म्हणत होता. तरी मी नातीला सगळं सांगितलं. गाव, वस्ती, वहिनींचे प्रश्न. ती नीट ऐकत होती. मग म्हणाली, "मग तुम्ही खोटं का बोललात?"

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही परत जाल. मला इथे राहायचंय." त्याचंही खोटं नाही.

वर्ष झालं. कोजागिरीचं आमंत्रण पुन्हा आलंय. मुलगा म्हणतो, बाबांना बरं नाही असं कळवतो.

मी ठणठणीत आहे. मी जाणार आहे. आधी माझं मूळ आडनाव सांगेन. मग गेल्या वर्षी त्या ओट्यापाशी काय झालं ते, पोरांसमोर, वहिनींसमोर. त्यानंतर ज्याला चंद्र बघायचा असेल त्याने बघावा. मुलाच्या पासचं काय होईल ते माझ्या हातात नाही. त्याने मला दोष दिला तर तो मी घेईन. नात बरोबर येणार आहे. मी घाबरलो होतो, हे मला तिला त्या सगळ्यांच्या देखत सांगायचंय.