सोनीची खारी मासळी

मथुरामावशी आधी सगळं बोलून घ्यायची, मगच कुत्रीला हात लावू द्यायची. "सुई मंग, बाय. पयला ऐक." कुत्रीनं काय खाल्लं, कुठं ओकली, कुणाला बघून शेपूट हलवली नाही, सगळं! बोईसरच्या माझ्या दवाखान्याबाहेर रांग लागलेली आणि दांडी गावची ही कोळीण निवांत. जीव जायचा माझा. आता वाटतं, एकदा तरी यावं आणि तसंच तासभर बोलावं.

कुत्रीचं नाव सोनी. मावशीला दुसरं कुणीच नव्हतं. सोनी मधूनमधून अगदी गळून जायची. "खारी मासली दिली का उटते," मावशी म्हणाली. मी नवीन डॉक्टर, शहाणपण उतू चाललेलं! "कुत्र्याला मीठ वाईट, मावशी. खारं एकदम बंद." तिनं मुकाट्यानं बंद केलं.

पाचव्या दिवशी ती सोनीला कवेत घेऊन आली. अंग गार, नाडी लागेना. सलाइन लावल्यावर सोनी हळूहळू सावरली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रक्त घेतलं, हार्मोनचं इंजेक्शन दिलं, तासाभरानं पुन्हा रक्त. तोवर मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसून होती. रिपोर्ट आल्यावर मी समजावलं: मेंदूकडून हुकूम सुटतो, मग मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी स्टेरॉइड बनवतात. इंजेक्शननं तोच हुकूम दिला, तरी सोनीच्या ग्रंथी हलल्या नाहीत; त्याच निकामी झाल्यात, त्यामुळे अंगात मीठ टिकत नाही.

"म्हंजे हाक मारली, पन घरातून कोन ओ देत नाय."

अगदी तसंच! इतकं नेमकं मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे खाऱ्या मासळीवरच सोनी तगली होती, आणि मी तीच तोडली होती. हे मात्र मी मावशीला सांगितलं नाही.

रोजच्या गोळ्यांवर सोनी सहा वर्षं छान जगली. मावशी गावभर सांगायची, "आमच्या बायनी वाचवली." दर खेपेला माझ्यासाठी बोंबील आणायची. मला ते गोड लागायचे नाहीत, तरी तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

सोनी गेली आणि मावशीनं अंथरूण धरलं. मी दांडीला गेले, ती आमची शेवटची भेट. उशाशी बसून एकदाचं बोलून टाकलं, "मावशी, मी खारं बंद करायला लावलं म्हणून सोनी पडली होती. चूक माझी होती."

मावशी रागावली असती तर बरं झालं असतं.

"तवाच का नाय बोललीस गं? माला वाटला, मीच तिला कायतरी वंगाळ घातला. गोळी देताना रोज तिची माफी मागायची मी."