काळपट हिरवा पालक

बाजाराच्या आवाराला लागून असलेल्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं भाजी तपासत होती. देठ लसूण दाबायच्या चिमट्यात पिळायचे, रसात कागदी पट्टी बुडवायची आणि रंग चढेपर्यंत घड्याळ बघायचं. सगळे तिला ‘मापताई’ म्हणत. चहात साखरही मोजून घालते, म्हणून.

तिचा धाकटा भाऊ गावाबाहेर पालक लावायचा. आधी नुसत्या शेणखतावर. पण व्यापाऱ्याला पानं रुंद, काळपट हिरवी हवी होती, तीही पंचवीस दिवसांत. मग युरिया आला. पुढे कापणीच्या चार दिवस आधी युरियाचा आणखी एक हात.

आठवडाभर ऊन पडलं नव्हतं. मंगळवारी तिनं भावाची जुडी तपासली. एरवी गुलाबी होणारी पट्टी थेट जांभळी झाली. नायट्रेट मापाच्या बाहेर, आणि क जीवनसत्त्व जुन्या नोंदीच्या निम्मंच.

तिनं फोन लावला. “ऊन नसलं की पानाला एवढं खत पचत नाही रे. तसंच साठतं.”

“ताई, पान कसं चकाकतंय ते बघ आणि डोकं खाऊ नकोस.”

भावाच्या सुनेला सांगावं, घरात तिचं तान्हं बाळ आहे, असं तिच्या मनात आलं. पण सासऱ्याच्या मागे बोललं की घरात वाजणार. ती गप्प बसली.

गुरुवारी दुपारी सुनेचाच फोन आला. “आत्या, बाळाचे ओठ निळे पडलेत. नखंसुद्धा.”

“रडतंय का?”

“नाही ना. तेच तर.”

बाळ साडेपाच महिन्यांचं. सकाळी शेतातलाच पालक उकडून, वाटून भरवलेला. उरलेला ओट्यावर झाकून ठेवला होता, तोच दुपारी दिला.

मापताई धावतच दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. तो चॉकलेटसारखा तपकिरी होता.

“श्वास चालू आहे, पण ह्या रक्तातून प्राणवायू अंगभर पोचत नाहीये. काय भरवलं?”

सुनेच्या आधी मापताईच बोलली. “पालक. त्यात नायट्रेट फार होतं, शिजवून तसंच ठेवलं की ते आणखी विषारी होतं. मी तपासलं होतं.”

सून वळली. “कधी?”

“मंगळवारी.”

निळं औषध शिरेतून गेलं आणि तासाभरात ओठांवर रंग आला. बाळ वाचलं. पण सुनेनं ते पुन्हा कधी मापताईच्या मांडीवर दिलं नाही.

भावानं युरियाचा शेवटचा हात बंद केला. फिकी पानं व्यापाऱ्यानं दोनदा परत पाठवली. तीन महिन्यांनी मापताई शेतावर गेली, तेव्हा पालक पुन्हा काळपट झाला होता. कडेला एक चिमुकला वाफा तेवढा फिकट.

“हा घरचा,” भाऊ म्हणाला. “ह्याला युरिया नाही.”

“आणि बाकीचा?”

तो क्रेट उचलायला निघून गेला.

तिनं प्रयोगशाळेच्या साहेबांकडे पालकाचा अहवाल नेला. “आपल्या नियमात नायट्रेटला मर्यादा कुठेय?” साहेब म्हणाले. “फाइलला लावा.”

तिनं तो फाइलला लावला, आणि लसीकरणाच्या दिवशी रजा टाकून दवाखान्यात गेली. बाकांवर सोळा बाळं होती. बहुतेक आयांच्या पिशव्यांतून पालकाची पानं डोकावत होती. रुंद, काळपट, चकाकणारी.

तिनं दारापाशी बसलेल्या आईपासून सांगायला सुरुवात केली.