वाकड्या बोटाचे अबुएलो

अबुएलोंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट इतकं वाकडं होतं, की ते मला रागावले की माझ्या डावीकडचा माणूस माफी मागायचा. पोरांना मात्र मंत्र ठाऊक होता, तो त्यांनीच दिलेला: "बोट बघू नका, नाक बघा. नाक माझं अजून कुणी मोडलेलं नाही."

बोट मोडलं होतं बेसबॉलनं. अकरा वेळा; बाहेर पाऊस असला आणि कॉफी गरम असली तर चौदा. अबुएलो म्हणजे स्पॅनिशमध्ये आजोबा. नेदरलँड्समधल्या बेस्ट या आमच्या गावातल्या पोरांच्या टीमचे ते कोच. तरुणपणी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या उसाच्या गावातून ते इथे आले तेव्हा गावच्या बेसबॉल क्लबात स्पॅनिश बोलणारे ते एकटेच. खेळायचे कॅचर म्हणून. कॅचर बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसतो, चेंडू झेलतो आणि फेकणाऱ्याला खुणा करतो. "याला भाषा येत नाही, हा काय खुणा करणार?" म्हणत क्लबानं त्यांना अख्खा हंगाम बाकावर बसवलं.

"बरं झालं," अबुएलो म्हणायचे. "बाकावर बसून डच शिकलो. आधी शिव्या, मग व्याकरण."

पुढे संधी मिळाली तेव्हा त्यांनी मारलेला पहिला चेंडू थेट शेजारच्या आइंडहोव्हन शहरात जाऊन पडला. तिथल्या इंजिनिअरांनी तो मोजला, तपासला आणि अहवालासकट परत पाठवला. हे मी पाहिलेलं नाही. पण मी स्वतः तिथला इंजिनिअर आहे, आम्ही असंच करतो. अबुएलोंच्या मागून त्यांच्या देशातले आणखी दोघे आले, मग पाच. त्यानंतर क्लबात कुणीही नवखं बाकावर एकटं दिसलं की अबुएलो शेजारी जाऊन बसायचे आणि त्याला पहिल्यांदा शिव्या शिकवायचे.

अशा माणसाची एकच इच्छा राहिली होती. हिवाळ्याआधी ते कायमचे मायदेशी निघाले होते, आणि आमच्या टीमनं एकही सामना जिंकलेला नव्हता. "विमानात बसण्याआधी एक," असं म्हणून ते बोट वर करायचे. बोट असं, की बघणाऱ्याला वाटावं, अर्धाच मागताहेत.

आडवा येत होतो मी. माझी मुलगी इरा टीममध्ये होती आणि मी तिला घरामागच्या अंगणात शिकवायचो. शिकवायचो क्रिकेट, दुसरं येतंय काय? त्यामुळे चेंडू मारला की इरा बॅट घेऊनच पळायची आणि बेसच्या, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गादीच्या, अलीकडूनच ती टेकवायची. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं आणि बेसला पाय लागावा लागतो. तीन सामन्यांत ती अशीच बाद झाली.

"बाबा, प्लीज, मला शिकवू नकोस," इरानं डचमध्ये सुनावलं.

"इराचे पप्पा," अबुएलो म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटर बघा."

शेवटचा सामना आला. शेवटचा डाव, धावा सारख्या, दोन बाद. लोटे नावाची पोरगी तिसऱ्या बेसवर. इरानं मारून पहिला बेस गाठला की लोटेची धाव धरणार, आम्ही जिंकणार. इरा बाद झाली तर संपलं. मी पहिल्या बेसमागे, हातात बटाटेवड्यांचा स्टीलचा डबा धरून देवाचं नाव घेत उभा.

इरानं मारला. आणि पळाली. बॅटसकट.

बेसजवळ उभ्या अबुएलोंनी तिच्यावर बोट रोखलं आणि असे गरजले, की पलीकडच्या गाई रवंथ विसरल्या. "टाक ते!"

बोट बरोब्बर माझ्याकडे आलं. घाबरून मी नाक बघायचं विसरलो आणि डबा टाकला. स्टीलचा तो आवाज बेल्जियमपर्यंत गेला असावा. वडे गवतावर सुटले. इरानं दचकून पाहिलं, खुदकन हसली, तिच्या हातून बॅट सुटली, आणि मोकळ्या हातांनी ती अशी सुटली की बेस ओलांडून पुढे कुंपणापाशीच थांबली. चेंडू नंतर पोचला.

पोरांनी अबुएलोंना उचलायचा प्रयत्न केला. उचलले गेले नाहीत. ते माझ्याकडे आले, गवतातला एक वडा उचलला, फुंकर मारली, खाल्ला. डोळे पुसले. "मिरची," म्हणाले.

"इराचे पप्पा, माझ्या टीममध्ये सगळ्यात आज्ञाधारक तुम्हीच."

आता ते व्हिडिओ कॉलवर भेटतात. बोट रोखलं की इरा त्यांचं नाक बघते, आणि मी हातात असेल ते मुकाट्यानं खाली ठेवतो.