विमानाच्या पंखावरची काजळी

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. ज्या वर्षांत वऱ्हाडातली शेती मोडून पडली आणि मंत्री ती पाहायला विमानाने येत होते, त्याच वर्षांत आम्हीही विमानाचेच मनावर घेतले. तपासणी समिती यायची होती, म्हणून विमाने आणि अंतराळयानांतील नॅनो तंत्रज्ञानावर चर्चासत्र ठरले. आमच्या विभागात नॅनो म्हणावे असे एकच होते, आमचे ज्ञान.

प्रयोगशाळेत अकोल्याचा एक परिचर रोजंदारीवर होता. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर पडून होता. नादकाट्याची कंपने काचेवर उमटवण्याच्या प्रयोगासाठी तो वर्षानुवर्षे रॉकेलच्या चिमणीवर काचपट्ट्या काळ्या करी. त्याने तशी एक पट्टी मला दाखवली. वर पाणी सोडले, तर थेंब गोल होऊन घरंगळले, पट्टी कोरडीच. काजळीचे कण इतके बारीक, की पाण्याला टेकायला जागाच मिळत नाही. पंखावर पाणी टिकले नाही, तर बर्फही धरत नाही. हे मी वाचले होते. त्याने पाहिले होते.

"फक्त बोट लावू नका सर," तो म्हणाला. "हात लावला का निघते."

चर्चासत्रात मी ती पट्टी माझे संशोधन म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी पूजेचे ताट मागवले. आमच्याकडे यंत्राला कुंकू लागल्याशिवाय ते यंत्र होत नाही. ताट मीच पुढे केले. चर्चासत्राच्या प्रमुख पाहुण्यांनी पट्टीच्या मधोमध कुंकवाचे बोट टेकवले. बोट काळे झाले, काच उघडी पडली आणि पुढचा थेंब तिथेच चिकटून बसला. मागच्या रांगा हसल्या.

हा लेप कोणी दिला, असे पाहुण्यांनी विचारले. दहा मिनिटांपूर्वी तो मी दिला होता. आता मी दाराशी उभ्या असलेल्या परिचराकडे हात केला. त्याच आठवड्यात त्याच्या प्रस्तावावर मी शेरा मारला: कामात हलगर्जीपणा. तो शेवटपर्यंत रोजंदारीवरच राहिला.

गेल्या वर्षी अकोल्याला त्याच्या घरी जाऊन मी हे सगळे कबूल केले. त्याने ऐकून घेतले, चहा पुढे सरकवला.

"आता मले काहून सांगून राहिले, सर?" तो म्हणाला. "तवा त्यायले सांगाचं होतं."

म्हणून हे लिहिले. त्या दिवशी सभागृहात बसलेल्यांतले वाचायला किती उरलेत, ठाऊक नाही.