अहमदपूरच्या चकत्या

बायकोपासून मी साधी तंबाखूची पुडी लपवू शकत नाही. पण ही गोष्ट तिलाही ठाऊक नाही. सहा-सात वर्षं झाली. गोष्ट ओठांपर्यंत येते आणि मी पुन्हा मशीनचंच कौतुक सांगत बसतो. आजही तसंच होणार. होऊ द्या — मशीनचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता यायचं नाही.

लातूरला आमचं छोटं वर्कशॉप आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नांदेडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं मिलिंग मशीन आणलं होतं. हाताने चाक फिरवायचं, टेबल सरकायचं आणि वर फिरणारा कटर धातू कापायचा. अण्णा गेल्यावर सगळे म्हणाले, भंगारात घाल. मी नाही घातलं. मी त्याला कॉम्प्युटर जोडला!

छाती आजही फुगते. का फुगू नये? कंपनीचं तयार मशीन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग चाकं काढून तिथे मोटारी बसवल्या, पट्टे आणि पुल्या लावल्या. मोटारी चालवणारं तळहाताएवढं एक कार्ड टपालाने मागवलं आणि मेहुण्याने टाकून दिलेला कॉम्प्युटर उचलून आणला. इंग्रजी माझं जेमतेम. व्हिडिओ थांबवून थांबवून, नुसती चित्रं बघत शिकलो. दोन कार्डं जाळली. आणि ज्या दिवशी टेबल आपलं आपण सरकलं आणि पितळी पट्टीवर अण्णांचं नाव कोरलं गेलं, त्या दिवशी शेजारच्या शेडमधली माणसं हातातलं काम टाकून बघायला आली. मी रडलो. ते सांगायची लाज नाही. लाजेचं पुढे आहे.

विश्वनाथमामा. नात्याने मामा नव्हेत — अण्णांच्या वेळेपासूनचे कारागीर. पंचवीस वर्षं हेच मशीन त्यांनी चालवलं. मशीनची चाकं मी काढली, म्हणजे खरं तर मामांच्या हातातलं काम काढलं. त्यांच्याकडे एकच उरलं, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, टेबलावर बांधून द्यायचा. क्लॅम्प लावायचे, नट आवळायचे आणि बाजूला उभं राहायचं. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

पहिलं मोठं काम अहमदपूरचं. तिथले जाधव पेरणीयंत्रं बनवायचे. सोयाबीनचं बी मोजून टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या गोल चकत्या त्यांना हव्या होत्या, पेरणीच्या आत.

आता जुन्या मशीनचं असं असतं — टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचे आटे झिजलेले असतात. टेबल उलट दिशेला न्यायचं झालं की स्क्रू आधी थोडा मोकळाच फिरतो. त्याला आम्ही खेळ म्हणतो. तो मोजून कॉम्प्युटरला सांगितला की तो तेवढं भरून काढतो. मी टेबल एका कडेला नेऊन खेळ मोजला, कारण मोजायचा डायल तिथे लावायला सोपा. मामा मागून म्हणाले, "राजू, तू कडंलाच मोजून राहिलास. मधात खेळ लई हाय. पंचवीस वर्षं समदं काम मधातच केलंय म्या."

मी हसलो. म्हणालो, मामा, आता ते सगळं कॉम्प्युटर बघतो.

काय अवघड होतं? टेबल मधे आणून एकदा बघायचं होतं. पण ते मशीन आता माझं होतं, माझ्या डोक्यातून निघालेलं. त्यात मामांनी मला सांगावं, हे मला खपलं नाही. खरं कारण एवढंच.

चकत्या कापल्या. दिसायला लखलखीत. आठ दिवसांनी जाधव पोतं घेऊन आले आणि दारातच रिकामं केलं. चकत्या पेरणीयंत्राच्या बियाण्याच्या पेटीत फिरताना अडत होत्या. आवाज ऐकून शेजारची माणसं जमली — तीच, माझं कौतुक करून गेलेली. मी एका चकतीच्या कडेवरून बोट फिरवलं. चार जागी बारीक पायरी. दुसरी घेतली. त्याच चार जागी. तिसरीचंही तेच.

बांधणी ढिली असली तर प्रत्येक चकती वेगळी बिघडते. सगळ्या त्याच चार जागी बिघडतात तेव्हा, गोल कापताना टेबल जिथे उलट दिशेला वळतं तिथे, खेळ राहिलेला असतो. मला तिथेच, त्या क्षणी कळलं. आणि बांधणीबद्दल तर शंकाच नव्हती. शेवटच्या चकतीचे नट मीच सोडवले होते, पान्ह्याला पाईप लावून, घामाघूम होऊन.

आणि मी काय म्हणालो? सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणालो, "मशीन बरोबर आहे. मामांची बांधणी ढिली राहिली."

मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग जाधवांना म्हणाले, "हाव, माझ्याकडनंच राहिलं असंल."

मला वाटलं, माझी लाज राखली. मामांचा माझ्यावर किती जीव! कितीतरी वर्षं मी हेच धरून बसलो, आणि — आता लपवण्यात काय अर्थ आहे? — त्याचंही मला बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी मामा जेवायला गेलेले बघून मी टेबल मधे आणलं आणि डायल लावला. खेळ कडेच्या दुपटीहून जास्त निघाला. नवा स्क्रू करून घेतला, चकत्या पुन्हा कापल्या आणि पेरणीच्या आत अहमदपूरला पोचवल्या. जाधव आजही आमच्याकडेच येतात. मामांना मी एवढंच सांगितलं, की स्क्रू तसाही बदलायचाच होता. बांधणी दुसऱ्या माणसाकडे दिली. मामा ड्रिलवर गेले आणि दोन वर्षांनी लोह्याला, लेकीकडे.

मशीन मात्र काय सांगू! अशी पाच मशीनं मी जोडून दिलीत, निलंग्यापासून नांदेडपर्यंत. कॉलेजची मुलं बघायला येतात. मी त्यांना बजावतो, खेळ तीन जागी मोजायचा आणि आधी मधे मोजायचा. ती लिहून घेतात. हे कुठे शिकलात असं विचारलं, तर मी म्हणतो, अनुभवाने.

गेल्या उन्हाळ्यात मामा एका लग्नासाठी लातूरला आले, तसे शेडवरही आले. हात पाठीमागे घेऊन बराच वेळ मशीनकडे बघत राहिले. "भारी चाललंय," म्हणाले. मी मोठेपणाने पान्हा पुढे केला — बांधा की एक जॉब, तुमच्या हाताने.

त्यांनी तो घेतला नाही.

"नगं बाबा. ह्या हाताचा भरवसा न्हाई राहिला. त्या अहमदपूरच्या चकत्या... म्या घट्ट आवळल्या व्हत्या, असंच वाटतंय बघ अजून. पर ढिल्याच निघाल्या की."

म्हणजे माझी लाज वगैरे काही राखली नव्हती. त्यांनी माझं खरं मानलं होतं. पंचवीस वर्षांच्या आपल्या हातांपेक्षा माझं खरं मानलं, आणि त्या दिवसापासून पान्हा धरायला ते घाबरत होते.

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "वय झालं की होतं तसं, मामा."

त्यांनी मान हलवली. "दुसऱ्यानं तवाच काढून टाकलं असतं. तू सांभाळून घेतलंस."

मी म्हणालो, "असू द्या मामा. त्यात काय एवढं."