दोन्ही वेळा तोच हेडफोन

"फरक कळला न्हाई तर सरळ न्हाई म्हणावं माय, लाजू नये." मला गाणं बारकाईनं ऐकायला शिकवताना निलंग्याचे अण्णा फार पूर्वी असं म्हणाले होते.

मंडळी, आज तेच अण्णा लातूरला आमच्या घरी आले. त्यांच्याकडे इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे बारीकसारीक सूरही ऐकवणाऱ्या महागड्या हेडफोनचं जुनं मॉडेल आहे, नवं मी घेतलंय. दोन्हींचे आवाज ताडून बघायला आपल्या या हेडफोनवेड्यांच्या ग्रुपातले आणखी तिघं होते.

अण्णांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून मी सनई ऐकवली. मग "आता दुसरा" म्हणून तीच सनई पुन्हा लावली.

"ह्यो लई मोकळा हाय. पहिल्यात सनई नाकात बोलून राहिली होती," अण्णा खुशीत म्हणाले.

मी दोन्ही वेळा त्यांचाच जुना हेडफोन लावला होता. अशा चाचणीत कान तपासायला असं करतात.

"अण्णा, घरचीच भाजी दोनदा वाढली की तुम्हाला!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले.

अण्णा चहा न घेताच एसटीला गेले.

त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, हे मला फोनवर कधीच कळलं होतं. तरी मी हे चारचौघांत केलं.

अण्णा, पुढच्या रविवारी या आणि याच लोकांसमोर माझे डोळे बांधा. तुम्ही नाहीच म्हणाल. तरीही या.