नानांचा राखेचा साबण

आमचे हे, म्हणजे गावाचे गिरधरनाना, अठ्ठ्याऐंशी साली वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झाले आणि माझ्या स्वयंपाकघरात रुजू झाले. आधी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. साखरेच्या डब्यावर 'साखर', जणू मी इतकी वर्षं चहात पीठच टाकत होते. मग एक दिवस म्हणाले, "कुंदा, साबण आता घरीच करायचा. फॉर्म्युला माझा."

बाजारातून कॉस्टिक सोडा आणा म्हटलं, तर नाही. थोरल्या दिरांच्या शेतात घड कापल्यावर केळीचे खांब बांधावर पडून असतात. ते वाळवून जाळायचे, राखेतून पाणी गाळायचं आणि त्या पाण्यात सरकीचं तेल घालून कढवायचं. "फुकटात राख असताना सोडा कशाला?" कढई कोणती? माझी, वांग्याच्या भरताची, मोठी लोखंडी. हुशारी यांची नि भांडी माझी.

पहिली खेप पिठल्यासारखी झाली, दुसरी शिऱ्यासारखी. हे वहीत लिहून ठेवायचे: तेल कमी, राखेचं पाणी दाट. सहाव्या खेपेलाही तेच. फेस भरपूर यायचा, कपड्यांचा मळही निघायचा, पण वडी म्हणून हातात धरावी तर बोटांतून सुटून थेट मोरीत. शेजारचा लीलाधर रोज सकाळी कुंपणावरून विचारायचा, "नाना, संगं भाकर आणू का?"

त्याचं हसणं एक वेळ जिरलं असतं. पण यांनी दोन्ही लेकींना कार्डं टाकली होती: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी याल तेव्हा बापानं केलेल्या साबणाच्या वड्या घेऊन जा. आखाजी पंधरा दिवसांवर आली आणि कढईत पुन्हा शिराच. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "फॅक्टरीत वीस माणसं माझं ऐकायची. इथं साबणही ऐकेना." अर्धी भाकरी टाकून उठले. मला फार वाईट वाटलं. राग होता तो होता, पण आपला माणूस लेकींपुढे मान खाली घालून बसलेला मला बघवला नसता.

मी म्हटलं, ही त्या लीलाधरचीच दृष्ट. शनिवारी सातवी खेप चुलीवर रटरटत होती. हे सरपण आणायला गोठ्याकडे गेले. मी दोन्ही मुठींत खडेमीठ नि मिरच्या घेऊन कढईवरून सात वेळा उतरवल्या. आता ते चुलीत टाकायचं, तर मनगटावर चटकन शिंतोडा उडाला आणि सगळं गेलं कढईत. मिरच्या झाऱ्यानं काढल्या. मीठ कसं काढणार? थोड्या वेळानं बघते, तर साबण दुधासारखा फाटलेला. वर गोळे, खाली पाणी. हे यायच्या आत मी मिरच्या चुलीत सारल्या नि कढईवर झाकण ठेवलं.

सकाळी वरचा थर खरवसासारखा बसला होता. आठवड्याभरात तर वडी अशी कडक झाली की खिळा ठोकावा. हे गल्लीभर दाखवत फिरले. लीलाधरला एक वडी दिली आणि आधी आंघोळ करून ये म्हणाले.

आखाजीला लेकी आल्या. थोरली सुनंदा वडी हुंगत म्हणाली, "नाना, आधी बसत नव्हता ना? मग या वेळी काय टाकलं?"

मी खाली बघून भाजी निवडायला लागले.

"मीठ," हे म्हणाले. "तुझ्या आईनं टाकलं. मी गोठ्याच्या दारातून पाह्यलं."

"मग इतके दिवस बोलले काहून नाही?" मी विचारलं.

"तू तरी कुठं बोलली?" त्यांनी वही उघडली. "किती टाकलं होतं, ते सांग. मला नाही माहीत."

तीस वर्षांच्या संसारात 'मला नाही माहीत' हे या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तेही लेकींसमोर. मला भरून आलं.

"दोन मुठी," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात ओढून घेतला, मूठ मिटून नीट बघितली आणि वहीत लिहिलं: मीठ दोन मुठी, कुंदाच्या.